आधी जोड, मग तोड

पान १ च्या मागे पान १० आलं होतं. त्याच्या मागे ११, १२ असं करत १९ पर्यंत, मग पान २, आणि लगेच २०. एका जुन्या मासिकाचा दिवाळी अंक मी पडद्यावर वाचत होतो. कथेतली मुलगी पहिल्या पानाच्या तळाशी शाळेला निघाली होती आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर तिचं लग्न लागून गेलं होतं.

अंक एका लहान वाचनालयाचे. कागद पिवळा पडून कडांनी तुटू लागलेला, म्हणून ते स्कॅन करून ठेवायचं काम आम्ही चार-पाच जणांनी अंगावर घेतलं होतं. रचना साधी होती: वर्षाचा एक फोल्डर, त्यात महिन्यांचे बारा, आणि प्रत्येक महिन्याच्या पोटात पानांची चित्रं. चित्रांवरून मजकूर ओळखून घ्यायचं काम एकाच संगणकाला दिलं असतं तर आठवडे गेले असते. म्हणून एका स्क्रिप्टनं वर्षाच्या फोल्डरचे तुकडे करायचे, ते चार संगणकांवर वाटायचे, आणि चौघांचं काम उरकलं की दुसऱ्या स्क्रिप्टनं तुकडे गोळा करून फोल्डर होता तसा उभा करायचा, असं ठरलं. रात्री लावून द्यायचं, सकाळी तयार.

सकाळी ते तयार होतं. एकही पान हरवलं नव्हतं, एकही बिघडलं नव्हतं. तरी अंक मोडलेला होता.

फोल्डर म्हणजे फायलींची पिशवी असं आपण धरून चालतो. पण त्यात फायलींखेरीज बरंच काही असतं: कशाच्या मागे काय, कशाच्या पोटात काय, कशाचं नाव नेमकं कसं लिहिलंय, कोणती जागा मुद्दाम रिकामी ठेवलीय. तोडताना यातलं जे टिपून ठेवलं नाही, ते जोडताना कुठूनही मिळत नाही. जोडणारी स्क्रिप्ट कितीही हुशार असो, तिच्या हातात तेवढंच असतं जेवढं तोडणाऱ्या स्क्रिप्टनं दिलं. म्हणून असं काम हाती घेताना मी आता जोडणीपासून सुरुवात करतो आणि तिथून उलटा मागे येतो. या प्रकरणात तोच रस्ता आहे.

आधी त्या दहाव्या पानाचा उलगडा करू. संगणक फायलींची नावं लावतो तेव्हा आकडा आकडा म्हणून वाचत नाही. डावीकडून एकेक चिन्ह ताडून पाहतो. ‘पान१०’ आणि ‘पान२’ यांच्यात पहिला फरक पडतो तो १ आणि २ मध्ये. १ आधी, म्हणून दहावं पान आधी. आम्ही फसलो याचं कारण विंडोजमधली फोल्डरची खिडकी. तिथं पानं १, २, ३ अशी शहाण्यासारखी रांगेत दिसत होती, कारण माणसाला दाखवताना विंडोज आकड्यांची किंमत बघून क्रम लावतं. स्क्रिप्टला मात्र तो मान मिळत नाही. उपाय शाळकरी आहे: ००१, ००२, ०१० असे सारख्या लांबीचे आकडे लिहायचे.

युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्यांना ही खोच फार लवकर कळलेली दिसते. मोठ्या फाइलचे तुकडे करणारी ‘स्प्लिट’ नावाची आज्ञा तिथं १९७० च्या दशकापासून आहे. ती तुकड्यांना आकडे देतच नाही. एक्स-ए-ए, एक्स-ए-बी, एक्स-ए-सी अशी नावं देते. सगळी सारख्या लांबीची, त्यामुळे वर्णक्रम हाच खरा क्रम. दोन अक्षरांच्या जागेत २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ तुकडे बसतात. त्याहून जास्त झाले तर? लिनक्सवर आज मिळणारा स्प्लिट शेवटचा ‘झेड’ राखून ठेवतो: एक्स-वाय-झेड झालं की पुढचं नाव एक्स-झेड-ए-ए-ए. नाव लांबलं, पण वर्णक्रमात ते आधीच्या सगळ्यांच्या मागेच येतं. तुकडे जोडायला वेगळं अवजारही लागत नाही. ‘कॅट’ ही आज्ञा, जी साखळी जोडणं अशा अर्थाच्या ‘कॉन्कॅटिनेट’ या शब्दातून आली, ती तुकडे ओळीनं एकामागे एक ओतते आणि मूळ फाइल तयार होते. जोडणाऱ्याला विचार करावा लागू नये, एवढा विचार तोडणाऱ्यानं करून ठेवलाय. हे मला फार सुंदर वाटतं.

पण क्रम ही एकच गोष्ट झाली. सुटा तुकडा हातात आला की तीन प्रश्न पडतात: हा कोणाचा? याची जागा कुठली? आणि सगळे मिळून किती?

या प्रश्नांची उत्तरं तुकड्यावरच लिहिलेली असावीत हे शहाणपण संगणकापेक्षा खूप जुनं आहे. आपल्या पोथ्यांना शिवण नसते. पानं सुटी, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधलेली. वाऱ्यानं उडाली, दोन पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळली, तरी लावता येतात, कारण अनेक लेखनिक पानाच्या समासात ग्रंथाचं छोटं नाव आणि पानाचा आकडा लिहीत. शेवटच्या पानावर समाप्तीची नोंद असते, तिच्यावरून पोथी संपली हे कळतं. कित्येक पोथ्यांच्या अखेरीस ग्रंथसंख्याही असते: बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून सगळा मजकूर किती भरला त्याची मोजणी. लेखनिकाची मजुरी त्यावर ठरे, आणि नक्कल पुरी उतरली की नाही हेही त्यावरून ताडता येई.

आता सप्टेंबर १९८१ मध्ये निघालेला इंटरनेटचा मूळ दस्तऐवज पाहा. इंटरनेटवर माहिती पुडक्यांमधून जाते. वाटेतल्या एखाद्या जाळ्याला पुडकं मोठं पडलं तर तिथं त्याचे तुकडे करावे लागतात. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तीन नोंदी असतात: मूळ पुडक्याची ओळख, या तुकड्याची जागा, आणि ‘यापुढे आणखी तुकडे आहेत’ असं सांगणारी एक खूण. शेवटच्या तुकड्यावर ती खूण नसते. समासातलं नाव, पानाचा आकडा, समाप्तीची नोंद. प्रश्न तेच, म्हणून उत्तरंही तीच.

त्यात एक बारकावा आहे आणि तो फोल्डर तोडणाऱ्यानं उचलावा असा आहे. तुकड्याची जागा तिथं पहिला, दुसरा, तिसरा अशी लिहीत नाहीत. मूळ पुडक्याच्या सुरुवातीपासून हा तुकडा किती अंतरावर बसतो ते लिहितात, आठ-आठ बाइटांच्या मापात. का? समजा दुसरा तुकडा पुढच्या जाळ्यालाही मोठा पडला आणि त्याचे आणखी दोन झाले. क्रमांक असते तर सगळ्यांचे क्रमांक बदलावे लागले असते, आणि पुढं निघून गेलेल्या तिसऱ्याला गाठायचं कसं? अंतर लिहिलेलं असलं की तुकड्याचे कितीही तुकडे होवोत, जो तो आपली जागा जाणतो. आमच्या कामात याचा अर्थ असा झाला की तुकड्यात ‘गठ्ठा ३’ एवढंच न लिहिता प्रत्येक पानासोबत त्याचा मूळ पत्ता लिहायचा: कोणतं वर्ष, कोणता महिना, कितवं पान. मग गठ्ठ्यांची वाटणी रात्री मध्येच बदलली तरी काही बिघडत नाही.

तोडायचं ठरलं की कापायचं कुठं हा प्रश्न येतो. दोन पद्धती आहेत. पहिली: सगळा फोल्डर एका मोठ्या फाइलमध्ये बांधायचा आणि ती फाइल पावासारखी सारख्या जाडीत कापायची. बांधणीला ‘टार’ वापरतात. चुंबकीय फितीवर साठवण करण्यासाठी बनलेला हा प्रकार १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आला. त्यात प्रत्येक फाइलच्या आधी ५१२ बाइटांची चिठ्ठी असते. तीवर नाव, आकार, परवानग्या, बदलाची वेळ. मग मजकूर, मग पुढची चिठ्ठी. बांधताना फोल्डरची रचना त्या चिठ्ठ्यांमध्ये जाते, म्हणून नंतर कुठंही कापलं तरी चालतं. दुसरी पद्धत: अख्ख्या फायली न कापता त्यांचे गठ्ठे करायचे.

पहिलीत तुकडे एकसारखे येतात, पण एकटा तुकडा निरुपयोगी असतो. फाइल मधोमध कापलेली, अर्धं चित्र इकडे, अर्धं तिकडे. वर दाबून लहान केलेली असेल तर मधला एक तुकडा गहाळ झाला की पुढचं उलगडणं जवळपास अशक्य. झिपच्या बाबतीत तर अनुक्रमणिका शेवटी असते, त्यामुळे शेवटचा तुकडा हरवला की आत काय होतं हेसुद्धा नीट कळत नाही. दुसऱ्या पद्धतीत तुकडे कमीजास्त आकाराचे होतात, पण प्रत्येक गठ्ठा स्वतःच्या पायावर उभा असतो. उघडता येतो, त्यावर काम करता येतं. म्हणून नुसती ने-आण करायची असेल तर बाइट कापावेत, आणि तुकड्यांवर वाटेत काही काम व्हायचं असेल तर फायलींचे गठ्ठे करावेत. आमचं काम दुसऱ्या प्रकारचं होतं.

गठ्ठे भरण्याची युक्ती घर हलवणाऱ्याला सांगायला नको. कपाट आणि पलंग आधी चढवायचे, उरलेल्या फटींत उशा आणि डबे. गणितात हा प्रश्न अवघडांपैकी धरतात; सर्वांत कमी गठ्ठ्यांची वाटणी हमखास आणि झटपट काढून देणारी रीत कोणाला सापडलेली नाही. पण मोठ्या फायली आधी घ्यायच्या आणि पहिल्या मावेल त्या गठ्ठ्यात टाकायच्या, एवढ्या साध्या नियमानं गठ्ठ्यांची संख्या फार तर सर्वोत्तम संख्येच्या सव्वापटीच्या आसपास राहते, हे सिद्ध झालेलं आहे. रोजच्या कामाला तेवढं पुरतं.

गठ्ठा केवढा असावा हे बहुधा वाट ठरवते. फॅट-३२ पद्धतीनं आखलेल्या पेनड्राइव्हवर एकच फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून, म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी याहून, मोठी बसत नाही, मग पेनड्राइव्ह कितीही मोकळा असो. ईमेलला जोडलेल्या फाइलमध्ये वाटेत दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. २१ एमबीचा तुकडा प्रवासात २८ एमबीहून थोडा मोठाच असतो. मर्यादेला अगदी खेटून तुकडे करणाऱ्यांचे तुकडे इथं परत येतात.

आता नावांकडे येतो. इथं मराठी माणसाचा खास संबंध आहे.

क्रमाची चूक दुरुस्त केल्यावर दुसऱ्या दिवशी एका महिन्याच्या पोटात दोन फोल्डर निघाले. दोघांचं नाव ‘शेतकऱ्यांची पत्रे’. अक्षर अन् अक्षर सारखं. निम्मी पानं एकात, निम्मी दुसऱ्यात. एकाच ठिकाणी एकाच नावाचे दोन फोल्डर राहू शकत नाहीत, हा तर संगणकाचा अगदी पहिला धडा. मग हे कसं?

नाव बाइटांत उघडून पाहिलं. एका नावात आपला ‘ऱ’ एकसंध होता. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचं घर आहे. दुसऱ्या नावात तो दोन चिन्हांचा होता: साधा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता. पडद्यावर दोन्ही एकसारखे उमटतात. युनिकोडही दोन्ही समान मानतं. पण जुन्या मॅकवरची साठवण-पद्धत नावं ठेवतानाच अशी जोडअक्षरं सुटी करून ठेवायची, आणि विंडोज किंवा लिनक्स जसं दिलं तसं ठेवतात. काही पानं जुन्या मॅकच्या डिस्कवरून आली होती, बाकीची विंडोजवरून. जोडणारी स्क्रिप्ट चालत होती लिनक्सवर, आणि लिनक्स नावाकडे फक्त बाइटांची ओळ म्हणून बघतं. त्याच्या दृष्टीनं ती दोन वेगळी गावं होती.

एवढ्यावर भागत नाही. ‘ऱ्य’ लिहिण्याची आणखी एक रीत चालत आलेली आहे: साधा ‘र’, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा एक जोडक. तो कीबोर्डवर अवलंबून असतो, टंकणाऱ्याला पत्ताही नसतो. आणि गंमत नव्हे, अडचण अशी की या तिसऱ्या रूपाला युनिकोड पहिल्या दोघांशी समान धरत नाही. त्यामुळे तयार मिळणारी समानीकरणाची सोय पहिली दोन रूपं एक करते, तिसरं तसंच सोडते. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्या, कचेऱ्या, शेतकऱ्यांचं सगळं विश्व या एका अक्षरावर उभं आहे. मराठी नावांचे फोल्डर तोडून जोडणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ साठी दोन ओळी वेगळ्या लिहायला हव्यात, असं माझं ठाम मत झालंय. त्या दुसऱ्या कोणत्या भाषेचा माणूस आपल्यासाठी लिहून ठेवणार नाही.

लांबीचंही तसंच. लिनक्सवर फाइलच्या नावाला सहसा २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द ११ चिन्हांचा, म्हणजे ३३ बाइटांचा. ‘ऱ’ सुटा लिहिला तर ३६. म्हणजे मराठी नावाला ८५ चिन्हं. विंडोजवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची आहे. लेखाचं पूर्ण शीर्षक आणि लेखकाचं नाव घातलेली फाइल तिथं सुखानं नांदते आणि लिनक्सवर जोडताना नेमकी नाकारली जाते. टारच्या मूळ चिठ्ठीत तर नावाला १०० बाइटच होते, वाटेतल्या फोल्डरांची नावं धरून. पुढच्या आवृत्त्यांनी ती अडचण दूर केली. आम्ही शेवटी फायलींना छोटे आकडी पत्ते दिले आणि पूर्ण मराठी शीर्षकं एका यादीत ठेवली. शीर्षक तोडलं नाही, फक्त त्याची जागा हलवली.

जोडणी कधी सुरू करायची? आमची पहिली स्क्रिप्ट ठरावीक फोल्डरवर नजर ठेवून असायची आणि फाइल दिसली की उचलायची. मोठी फाइल उतरत असताना ती मधेच दिसू लागते आणि अर्धी उचलली जाते. त्यावर जुना, खात्रीचा उपाय आहे: उतरत असताना तात्पुरतं नाव ठेवायचं आणि पूर्ण झाल्यावर खरं नाव द्यायचं. एकाच डिस्कवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट बदललेलं नाव कोणाला दिसत नाही. हडूप ही मोठी कामं अनेक संगणकांवर वाटणारी प्रणाली सगळं काम संपलं की ‘सक्सेस’ नावाची एक रिकामी फाइल ठेवते. पुढचा टप्पा त्या फाइलची वाट पाहतो. आत काही नसलेली ती फाइल म्हणजे पोथीच्या शेवटची समाप्तीची नोंदच.

आणि एखादा तुकडा आलाच नाही तर? ग्रेगोर होपे आणि बॉबी वुल्फ यांनी २००३ मध्ये संगणक-प्रणाली एकमेकींशी जोडण्यावर मोठं पुस्तक लिहिलं. त्यात जोडणाऱ्यासाठी ‘कोणते तुकडे एकत्र’ आणि ‘एकत्र कसे’ या दोन प्रश्नांच्या बरोबरीनं ‘पुरे झालं हे कधी मानायचं’ हा स्वतंत्र प्रश्न मांडलाय. १९८१ च्या त्या दस्तऐवजानं तुकड्यांसाठी सुरुवातीला १५ सेकंद थांबण्याची शिफारस केली होती. तोवर सगळे जमले नाहीत तर जमलेले टाकून द्यायचे. जुन्या मासिकाची पानं टाकून देता येत नाहीत. म्हणून आमच्याकडे वेळ संपली की जोडणी थांबते, न आलेल्या पानांचे पत्ते छापते आणि फक्त तेवढी पानं पुन्हा कामाला पाठवते. एकच पान दोनदा आलं तर त्याच पत्त्यावर बसतं, दुसरी प्रत तयार होत नाही. मूळ पत्ता लिहिण्याचा हा दुसरा फायदा.

जोडून झाल्यावर पडताळणी. अभिलेख जपणाऱ्या संस्थांसाठी ‘बॅगइट’ नावाची एक पद्धत अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांच्या कामातून उभी राहिली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिचा इंटरनेटसाठीचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. मला ती फार जवळची वाटते. फोल्डर एका ‘पिशवीत’ जसाच्या तसा ठेवायचा आणि बाहेर साध्या मजकुराच्या याद्या ठेवायच्या. एका यादीत प्रत्येक फाइलचा पत्ता आणि तिचा ठसा. हा ठसा अनेकदा एसएचए-२५६ या रीतीनं काढतात. फाइल केवढीही असो, ठसा ६४ चिन्हांचा, आणि आतला एक बिंदू बदलला तरी सगळा ठसा बदलतो. दुसऱ्या यादीत एक छोटी ओळ: एकूण बाइट, मग टिंब, मग एकूण फायली. ठसे ताडायला वेळ लागतो, पण ही ओळ क्षणात ताडता येते. ती जुळली नाही तर पुढे जायचंच नाही. ग्रंथसंख्येचं काम हेच होतं. रिकामे फोल्डर मात्र यादीत येत नाहीत, कारण यादी फायलींची असते. ते टिकवायचे तर आत एक शून्य बाइटांची फाइल ठेवावी लागते. फेब्रुवारीचा अंक मिळालाच नव्हता आणि त्याचा फोल्डर आम्ही मुद्दाम रिकामा ठेवला होता. पहिल्या जोडणीत तो नाहीसा झाला होता आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

एका संचाच्या अनेक पिशव्या असतील तर बॅगइटमध्ये प्रत्येकीवर संचाची ओळख लिहितात, आणि ही एकूण कितींपैकी कितवी तेही. तिथं एक तरतूद आहे: एकूण किती हे माहीत नसेल तर त्या जागी प्रश्नचिन्ह लिहायचं. मासिकाच्या हाती आलेल्या शेवटच्या वर्षाचे सप्टेंबरपर्यंतचे आठ अंक आम्हाला मिळाले, फेब्रुवारी वगळता. पुढे मासिक चाललं की तिथंच थांबलं, सांगणारं कोणी उरलेलं नाही. सात पिशव्या ठशांसकट जुळल्या, आठवीत मूळ अंकाचीच चार पानं नव्हती, त्यांचे पत्ते यादीत रिकामे ठेवले. रिकाम्या फेब्रुवारीचीही पिशवी केली. वर्षाच्या फोल्डरवर नोंद आहे ती अशी: ? पैकी ९. कोणाच्या माळ्यावर ऑक्टोबरचा अंक निघाला तर त्याची जागा धरून ठेवली आहे.